घरचा प्लमचा जॅम आणि परसातील फळझाडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैपर्यंत महाराष्ट्रातील बाजारांत हिमाचल प्रदेशातून आलेले प्लम, म्हणजेच ताजे आलुबुखार, दिसू लागतात. पुण्यात आम्ही गेली अनेक वर्षे त्यांचा जॅम करतो. त्यासाठी लागणारे लिंबू आणि पेरू मात्र आमच्याच परसातील असतात. त्यामुळे जॅमबद्दल विचारणारे लोक हमखास झाडांविषयीही विचारतात. त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

जॅमसाठी प्लम कसे निवडावेत?

आपल्याकडे येणाऱ्या प्लमपैकी सांता रोझा ही जात जॅमला फार चांगली. फळझाडांच्या नव्या जाती तयार करणारे अमेरिकी संशोधक ल्यूथर बरबँक यांनी कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे ती तयार केली आणि 1906 मध्ये बाजारात आणली. पुढे हिमाचलच्या डोंगरउतारांवर ती चांगली रुजली. साल गडद लाल-जांभळी, गर पिवळसर आणि सालीजवळ आंबट अशी तिची ओळख आहे. जॅमचा रंग व आंबटपणा सालीतूनच येतो, म्हणून साल काढू नये.

सगळी फळे पूर्ण पिकलेली घेऊ नयेत. फळ पिकत जाते तसे त्यातील पेक्टिन कमी होते, आणि जॅम आळतो तो पेक्टिनमुळेच. तीन भाग पिकलेली व एक भाग थोडी कच्ची, बोटाने दाबल्यावर घट्ट लागणारी फळे असे प्रमाण ठेवावे. फार मऊ झालेली, रस सुटलेली फळे विक्रेते स्वस्तात देतात आणि ‘जॅमलाच घालायची आहेत’ म्हणून आपणही ती घेतो. पातळ जॅमचे मूळ बहुतेक वेळा या खरेदीतच असते.

फळावरील पांढरट धुरकट थर हा फळाचा स्वतःचा नैसर्गिक मेणाचा थर असतो. तो औषधाचा थर समजून फळे साबणाने धुऊ नयेत. वाहत्या पाण्यात चोळून धुतली तरी पुरते.

साहित्याचे प्रमाण काय असावे?

बिया काढलेला प्लमचा गर 1 किलो, साखर 750 ग्रॅम, पाणी अर्धा कप आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस. साधारण 1 किलो 100 ग्रॅम अख्खी फळे आणली की एवढा गर निघतो. एका वेळी दोन किलोंपेक्षा जास्त गर शिजवायला घेऊ नये. मोठे पातेले उकळायला व आटायला फार वेळ लागतो, आणि लांबलेल्या उकळीत पेक्टिन तुटते, रंग काळवंडतो व ताज्या फळाचा वास निघून जातो.

कृती सविस्तर सांगाल का?

फळे मध्यभागी चिरून बिया काढाव्यात आणि प्रत्येक अर्ध्या भागाचे तीन-चार तुकडे करावेत. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तुकडे व पाणी घालून मंद आचेवर पंधरा ते वीस मिनिटे शिजवावे. साल दोन बोटांत चुरल्यावर सहज तुटली पाहिजे. तोपर्यंत साखर घालू नये. पहिल्या वर्षी मी फळे रात्रभर साखरेत मुरवली आणि सकाळी तशीच चुलीवर चढवली. जॅम आळला, चवही आली, पण साली चामड्यासारख्या चिवट राहिल्या आणि घरातील मुले त्या ताटाच्या कडेला काढून ठेवू लागली. साखरेत पडलेली साल नंतर कितीही शिजवली तरी मऊ होत नाही, हे तेव्हा कळले.

साल मऊ झाल्यावर साखर व लिंबाचा रस घालून, आच मंदच ठेवून, साखरेचा कण न् कण विरघळेपर्यंत ढवळावे. त्यानंतर आच मोठी करावी. आधी पातळ रस खळखळ उकळतो आणि वर गुलाबी फेस येतो. दहा-बारा मिनिटांत फेस खाली बसतो, बुडबुडे मोठे व संथ होतात आणि जॅम रटरटू लागतो. या टप्प्यावर पातेल्याजवळून हलू नये. उलथने बुडाशी फिरवत राहावे, कारण बुडाला लागलेल्या जॅमचा करपट वास सबंध पातेल्यात उतरतो. उडणारे थेंब त्वचेला चिकटून भाजतात, तेव्हा लांब दांड्याचे उलथने घ्यावे आणि लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. शेवटी अर्धा चमचा तूप घातल्यास उरलेला फेस विरतो.

जॅम झाला हे नेमके कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि जॅम बिघडण्याचे प्रमुख कारणही हीच वेळ चुकणे असते. ओळखण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली बशीची. दोन लहान बशा आधीच फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. जॅम रटरटू लागला की आच बंद करून चमचाभर जॅम थंड बशीवर टाकावा, मिनिटभर थांबावे आणि बोटाने हलकेच ढकलावे. पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या पडल्या आणि बोटाने पाडलेली वाट पुन्हा भरून आली नाही, तर जॅम तयार आहे. वाट लगेच भरली तर आणखी दोन मिनिटे उकळून दुसऱ्या बशीवर पाहावे. बशी पाहताना आच बंद हवीच, नाहीतर तेवढ्यात खालचा जॅम पुढे निघून जातो.

दुसरी थर्मामीटरची. पुस्तकांत 104 ते 105 अंश सेल्सिअस असा आकडा दिलेला असतो, पण तो समुद्रसपाटीचा आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीत तो बरोबर ठरतो. पुणे सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, तेथे पाणीच जवळपास 98 अंशांना उकळते. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटरवर आहे, तेथे पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. म्हणून आधी साध्या उकळत्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा पाहावा आणि त्यात साडेचार अंश मिळवावेत. महाबळेश्वरात राहून 105 अंशांची वाट पाहणाऱ्याच्या पातेल्यात शेवटी चिक्कीसारखा गोळा उरेल.

तिसरी वजनाची, आणि माझा सर्वाधिक भरवसा हिच्यावर आहे. टिकाऊ जॅममध्ये विरघळलेला घनांश, म्हणजे पाणी वगळून उरणारा मुख्यतः साखरेचा भाग, 65 टक्के असावा लागतो; भारतातील अन्नविषयक नियमांतही जॅमसाठी हीच किमान मर्यादा आहे. 1 किलो प्लमच्या गरात साधारण 120 ग्रॅम घनांश असतो. त्यात 750 ग्रॅम साखर मिळवली की 870 ग्रॅम होतात आणि त्याला 0.65 ने भागले की सुमारे 1340 ग्रॅम येतात. याचा अर्थ असा की पातेल्यातील ऐवज आटून 1 किलो 350 ग्रॅमच्या आसपास आला की थांबायचे. त्यासाठी रिकाम्या पातेल्याचे उलथन्यासह वजन आधी करून कागदावर लिहून ठेवावे आणि उकळताना मधूनमधून पातेले काट्यावर ठेवून पाहावे. काट्यावर आधी लाकडी पाट ठेवावा, म्हणजे काटा तापत नाही. एवढ्यात पाव लिटरच्या चार बाटल्या भरतात.

जॅम पातळच राहिला तर काय करावे?

आधी चोवीस तास थांबावे. पेक्टिनची जाळी बसायला वेळ लागतो आणि गरम असताना पातळ वाटलेला जॅम दुसऱ्या दिवशी आळलेला सापडतो. तरीही पातळ असेल तर वजन तपासावे. वजन जास्त असेल तर पाणी उरले आहे, पुन्हा उकळून आटवावे. वजन बरोबर असूनही जॅम वाहत असेल तर पेक्टिन किंवा आंबटपणा कमी पडला आहे, आणि येथे परसातील पेरू उपयोगी पडतो.

200 ग्रॅम अर्धकच्चे पेरू बिया-सालींसह चिरून, दीड कप पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे मंद शिजवावेत आणि मलमलच्या फडक्यातून रस गळू द्यावा. फडके पिळू नये, नाहीतर रस गढूळ होतो. हा किंचित बुळबुळीत रस म्हणजे घरचे पेक्टिनच. तो व एक चमचा लिंबाचा रस जॅममध्ये घालून, ठरलेले वजन येईपर्यंत आटवावे. मी आता हा रस सुरुवातीलाच घालतो. त्याने पेरूची चव जाणवत नाही आणि बाजारातील पेक्टिनची पूड आणावी लागत नाही. कवठातही पेक्टिन भरपूर असते, परंतु त्याचा वास प्लमवर मात करतो. त्यामुळे कवठाची जेली स्वतंत्र करावी हे बरे.

साखर कमी करता येईल का? गूळ चालेल का?

साखर गोडीसाठी असते तितकीच टिकण्यासाठीही असते. ती फळातील पाणी धरून ठेवते आणि बुरशीला ते मिळू देत नाही. 1 किलो गराला 500 ग्रॅमपर्यंत साखर उतरवता येते, मात्र असा जॅम सैलसर राहतो, तो फ्रीजमध्येच ठेवावा आणि तीन आठवड्यांत संपवावा. मधुमेह असलेल्या व्यक्तीसाठी कमी साखरेचा जॅमही गोडच असतो, हे लक्षात असावे.

गुळाचा जॅम रंगाने तपकिरी होतो व त्याला काकवीची छटा येते. गुऱ्हाळात रस स्वच्छ करताना चुना वापरला जातो, त्यामुळे गूळ फळाचा आंबटपणा काही अंशी मारतो. म्हणून लिंबाचा रस दुप्पट घालावा. मला स्वतःला प्लमपेक्षा आंब्याला गूळ अधिक शोभतो असे वाटते, आणि त्यासाठी आपल्याकडे गुळांबा आहेच.

मग जॅम आणि मुरांबा यांत फरक काय?

मुरांब्यात आणि साखरांब्यात फळाच्या फोडी किंवा कीस पाकात मुरतो व आपला आकार राखतो; घट्टपणा पाकाच्या तारेवर ठरतो. जॅममध्ये फळ विरघळून स्वतःच आळते. त्यामुळे मुरांब्याची एकतारी-दोनतारीची परीक्षा जॅमला लावू नये. तेवढा पाक होईपर्यंत जॅम दगड झालेला असतो.

पितळी किंवा ॲल्युमिनियमचे पातेले चालेल का?

चालणार नाही. प्लमचे आम्ल ॲल्युमिनियमला आणि कल्हई नसलेल्या पितळेला खाते, जॅमला धातूची चव येते आणि ते आरोग्यालाही योग्य नाही.

बाटल्या कशा भराव्यात? पावसाळ्यात बुरशी का येते?

प्लमचा हंगाम आणि पावसाळा एकत्रच येतात, हवा दमट असते, आणि झाकणाच्या आतील ओल बुरशीला पुरेशी ठरते. काचेच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घ्याव्यात. चिनी मातीची बरणी लोणच्याला उत्तम आहे, पण तिचे झाकण हवाबंद होत नाही. बाटल्या धुऊन, मोठ्या पातेल्यात तळाशी फडके घालून, पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटे उकळाव्यात. सांडशीने बाहेर काढून पालथ्या ठेवल्या की आतील उष्णतेनेच त्या कोरड्या होतात. ओल्या फडक्याने आतून पुसू नयेत.

जॅम व बाटली दोन्ही गरम असतानाच, काठाखाली अर्धा सेंटिमीटर जागा ठेवून भरावे, काठावर सांडलेला थेंब स्वच्छ पुसावा आणि लगेच झाकण लावावे. वर्षभर ठेवायचा असेल तर भरलेल्या बाटल्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे, आणि महाबळेश्वरसारख्या उंच जागी पंधरा मिनिटे ठेवाव्यात. गार झाल्यावर झाकणाचा मध्यभाग आत ओढला गेलेला दिसला पाहिजे. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि प्रत्येक वेळी कोरडा, स्वच्छ चमचा वापरावा.

वर बुरशी आली तर तेवढा भाग काढून उरलेला जॅम खाण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी. बुरशीचे तंतू आणि तिची विषारी द्रव्ये डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेली असू शकतात, म्हणून पूर्ण बाटली टाकून द्यावी.

प्लमच्या बियांचे काय करावे?

आठोळ्या फोडून आतील गर जॅममध्ये घालू नये. त्यात ॲमिग्डॅलिन असते आणि ते पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होते.

महाराष्ट्रात परसात प्लमचे झाड लावता येईल का?

लावता येते, परंतु फळाची आशा धरू नये. प्लमला हिवाळ्यात विश्रांती लागते. सात अंशांखालील थंडीचे काही शे तास मिळाल्याशिवाय त्याचे कळे नीट फुटत नाहीत, आणि आपल्या पठारावर पहाटेचे काही तास सोडले तर तशी थंडी पडत नाही. रोपवाटिकांत ‘येथेही फळे येतात’ असे सांगून रोपे विकली जातात. त्या जागेत पेरू किंवा तुती लावावी असाच सल्ला मी देतो.

परदेशातील मराठी कुटुंबांकडूनही विचारणा होते, कारण तेथे भाड्याने किंवा विकत घेतलेल्या घरामागे प्लमचे झाड आधीपासून असते. ब्रिटनमध्ये त्याची छाटणी हिवाळ्यात करू नये. ओल्या थंडीत कापलेल्या जागेतून सिल्व्हर लीफ हा बुरशीजन्य रोग शिरतो, म्हणून ती कोरड्या उन्हाळी दिवसांत करावी. लहान फळे सुपारीएवढी झाली की विरळणी करून दोन फळांत आठ-दहा सेंटिमीटर अंतर ठेवावे, नाहीतर फांद्या भाराने मोडतात आणि पुढच्या वर्षी झाड फळतच नाही.

मग जॅम करणाऱ्याने परसात कोणती झाडे लावावीत?

जागा एकाच झाडापुरती असेल तर कागदी लिंबू, दोन असतील तर जोडीला पेरू. पेरूमध्ये सरदार ही जात खात्रीची आहे. तिला लखनऊ-49 असे म्हणत असले तरी तिची निवड पुण्याच्या गणेशखिंड येथील फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1927 मध्ये केली होती. तुती फार कमी जागेत वाढते आणि छाटली की नव्या फुटीवर फळते. तिच्या जॅमला लिंबू व पेरूचा रस मात्र घालावाच लागतो. कोकणात जागा मोठी असेल तर जांभूळ आणि कोकम यांचाही विचार करावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ हे जांभूळ आणि ‘कोकण अमृता’ हे कोकम प्रसारित केले आहे. कलमेच घ्यावीत. कलमाच्या जोडाखालून येणारी फूट ही खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधले त्या खालच्या झाडाची असते, ती दिसताच काढावी. ती वाढली तर वरचे कलम मरते आणि आपण वर्षानुवर्षे रानटी झाडाला पाणी घालत राहतो.

पेरूत अळ्या होतात. काय उपाय करावा?

त्या फळमाशीच्या अळ्या आहेत. माशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते, त्यामुळे अळी दिसल्यावर फवारणी करून काही साध्य होत नाही. पावसाळ्यात पिकणाऱ्या पेरूवर तिचा उपद्रव सर्वाधिक असतो. म्हणून घरच्या झाडाला मृग बहार धरावा: उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा, जूनच्या पावसावर फुले येऊ द्यावीत, म्हणजे फळे नोव्हेंबर ते जानेवारीत, माशी कमी असताना, पिकतात आणि गोडही होतात. त्यासाठी उन्हाळ्याआधी आलेली फुले खुडावी लागतात. मन धजावत नाही, पण एक वर्ष करून पाहावे. जॅमसाठी पावसाळ्यात अर्धकच्चे पेरू हवे असतात म्हणून आम्ही एका फांदीवरची फुले राखतो आणि ती फळे पिकण्याआधीच उतरवतो.

जोडीला मिथाइल युजेनॉल या, नरमाश्यांना ओढून घेणाऱ्या द्रव्याचा सापळा टांगावा. त्यात नरमाश्या अडकतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाडाखाली पडलेले प्रत्येक फळ रोज उचलावे आणि दोन फूट खोल पुरावे. अळी फळातून बाहेर पडून मातीतच कोषात जाते, त्यामुळे पडलेली फळे तशीच ठेवणे म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणे होय.

लिंबाच्या खोडातून डिंक येतो आणि पाने कोणीतरी खाते. झाड वाचेल का?

बहुतेक वेळा वाचते. डिंक्या हा रोग खोडाशी पाणी साचल्याने बळावतो. आळे खोडाला टेकून करू नये. खोडाभोवती मातीचा उंचवटा ठेवून फांद्यांच्या टोकांखाली, जेथे पाणी शोषणारी बारीक मुळे असतात, तेथे गोल चर काढावा व पाणी त्यातच द्यावे. रोगट साल धारदार चाकूने खरवडून तेथे बोर्डो पेस्ट लावावी. त्यासाठी 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावा. मिश्रणात लोखंडी सुरीचे पाते मिनिटभर बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, थोडी चुन्याची निवळी वाढवावी. पाते स्वच्छ निघाले की पेस्ट लावण्यास योग्य. पावसाळ्याआधी खोडाला जमिनीपासून तीन फूट उंचीपर्यंत हीच पेस्ट लावून ठेवली तर रोग सहसा येत नाही.

पाने खाणारी अळी लिंबावरील फुलपाखराची असते. लहानपणी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळी-पांढरी दिसते आणि म्हणून नजरेतून सुटते. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी शिंगे बाहेर काढते व उग्र वास सोडते. एक-दोन झाडांवर सकाळी हातानेच वेचून काढणे पुरते.

परसातील फळांवर फवारणी केली असेल तर किती दिवसांनी ती जॅमला घ्यावीत?

औषधाच्या वेष्टनावर फवारणी व काढणी यांतील दिवसांचे अंतर छापलेले असते, ते पाळावे. जॅममध्ये साल जाते, म्हणून आम्ही फळ धरल्यानंतर साबणाचे पाणी आणि निंबोळी अर्क यांपलीकडे काही वापरत नाही. निंबोळी अर्कही काढणीच्या दोन आठवडे आधी थांबवतो, कारण त्याचा कडवटपणा सालीवर राहिला तर तो जॅममध्ये उतरतो.